बिनहाडाची कंदुरी

माझ्या पुतणीच्या दुकानात मांस शिजत नाही हे सिद्ध झालं, तेव्हा दुकानाच्या शटरला एक बोकड बांधलेला होता.

घटना नवीन जालन्यातली, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. मी एका दैनिकाच्या जालना कार्यालयात बातम्या तपासण्याचं काम करत निवृत्त झालो. दुसऱ्यांची वाक्यं छाटणं हा माझा धंदा होता. त्यामुळे जे घडलं तेवढंच सांगेन, अलंकार वापरणार नाही. (एकदा वापरला होता. हा सगळा प्रकार त्यातूनच घडला.)

रूपाली ही माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ-वहिनी मंठ्याजवळच्या गावात शेती करतात. आमचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. वडिलांनी मेंढरं कमी करून जमीन धरली. भावाने उरलेली मेंढरं विकून सोयाबीन धरलं. आणि भावाच्या मुलीने त्या सोयाबीनचं पुन्हा मटण केलं. आमच्या घराण्याची प्रगती ही अशी गोल आहे. (भाऊ फार कमी बोलतो. या हकिकतीत तो एकही वाक्य बोलत नाही, म्हणून त्याला इथेच बाजूला बसवून ठेवतो.)

रूपाली परभणीला अन्नप्रक्रिया शिकली. नंतर जालन्यात एका बियाणं कंपनीत नोकरीला लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून आली. सोयाबीनच्या पिठाला यंत्रात दाब आणि उष्णता देऊन त्याचे मांसासारखे धागे काढायचे, बिटाने रंग आणायचा, वहिनींच्या काळ्या मसाल्यात मुरवायचं, कोळशाची धुरी द्यायची आणि त्याचे खिमा-पाव, शिक कबाब आणि बर्गर विकायचे, अशी तिची योजना होती. मी पहिल्यांदा चाखलं तेव्हा दातात अडकलेला धागा जिभेने शोधत बसलो. तोपर्यंत ते सोयाबीन आहे हे मी विसरून गेलो होतो.

वहिनी मात्र त्याला ‘खोटं मटण’ म्हणायच्या.

“आई, खोटं म्हणू नको. खोट्याला गिऱ्हाईक येत न्हाई,” रूपाली म्हणायची.

“मंग काय म्हणू?”

“झाडाचं मटण म्हण.”

“मटणाला झाड असतंय व्हय गं? तुज्या बापानं लावलं असतं की मंग.”

दुकानासाठी गाळा मिळणं अवघड गेलं. काहींना एकट्या मुलीला गाळा द्यायचा नव्हता, काहींना तळणाचा धूर नको होता. शेवटी एक शेठजी भेटले. धान्याचे व्यापारी, शेजारीच त्यांची आडत. माणूस सज्जन, कांदा-लसूणही न खाणारा. त्यांची अट एकच होती.

“मांस, मच्छी, अंडा, कुछ नहीं. एक दिन भी दिसलं, तर त्याच दिवशी शटर खाली. मंजूर?”

“मंजूर. सगळं सोयाबीनच आहे, शेठजी.”

सोयाबीन म्हटल्यावर शेठजी खुलले. सोयाबीन हा त्यांचा स्वतःचाच माल. “बढिया. काय काय बनवणार?”

“खिमा-पाव.”

“खिमा क्या होता है?”

रूपालीने क्षणभर विचार केला. “बारीक असतं,” ती म्हणाली.

शेठजींनी मान डोलावली. त्यांच्या शब्दकोशात त्या दिवशी एका नव्या धान्याची भर पडली असावी.

गाळा ताब्यात आला. शीतपेटी आली, शेगडी आली, यंत्र आलं. नोकरी तर गेलेलीच होती. हा गाळा हातचा गेला असता, तर रूपालीला सगळं सामान गावी नेऊन बापाच्या गोठ्यात ठेवावं लागलं असतं, आणि ‘शिकून काय केलं?’ या प्रश्नाला गोठ्याकडे बोट दाखवावं लागलं असतं. तिला त्याची पूर्ण जाणीव होती. मलाही होती. म्हणूनच मी मदत करायचं ठरवलं.

उद्घाटनासाठी नातेवाइकांना बोलवायचं होतं. रूपालीने मोबाइलवर निरोप लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. निरोप असा होता: ‘येत्या रविवारी माझ्या दुकानाचं उद्घाटन आहे. सोयाबीनपासून बनवलेल्या, मटणासारख्या लागणाऱ्या, पूर्ण शाकाहारी पदार्थांची पंगत ठेवली आहे. तरी सर्वांनी सहकुटुंब यावे, ही विनंती.’

निरोप लांब होता. वाचकाला जागेवर आल्यावर जे कळणारच आहे ते आधी सांगू नये, असा आमच्या टेबलावरचा नियम. सोयाबीन जागेवर कळणार होतं, ते छाटलं. मटणासारखं लागणं तोंडात गेल्यावर कळणार होतं, ते छाटलं. ‘ही विनंती’ तर मी झोपेतही छाटतो. उरलेल्या निरोपात जीव राहिला नव्हता, म्हणून एक चटकदार शब्द घातला. अंतिम मजकूर असा झाला: ‘रविवारी रूपालीच्या दुकानाची कंदुरी. सहकुटुंब या.’

आमच्या भागात पिराला किंवा देवाला बोललेला नवस फेडताना बोकड कापून गावाला जेवू घालतात, तिला कंदुरी म्हणतात. शब्द जुना आहे आणि त्याचा अर्थ पक्का आहे. मी तो गमतीने वापरला होता.

“काका, लोकांना कळंल ना?” रूपालीने विचारलं.

“वाचकाला कमी समजू नये,” मी म्हणालो.

निरोप गेला. त्यावर आलेली उत्तरं इतकी उत्साहाची होती, की मला माझ्या लेखणीचा अभिमान वाटला.

रविवारी सकाळी दुकानासमोर मांडव घातला होता. नातेवाइकांसाठी रस्सा-भाकरी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी कबाब-बर्गर असा बेत होता. मोठ्या पातेल्यात वहिनींचा रस्सा उकळत होता. दगडफूल, भाजलेलं खोबरं, काळा मसाला आणि वर लालभडक तर्री. स्टेशनवरचे रिक्षावाले एकेक करून रिक्षा बंद करून नाक वर करून उभे राहिले. शेजारच्या आडतीत शेठजी हिशेबनीसाला सांगत होते, “देखो, सोयाबीन का क्या सुगंध है.”

एवढ्यात मंठ्याकडून एक टेम्पो आला. त्यातून आधी बायका उतरल्या, मग पोरंबाळं, मग सोपानमामा, आणि मामांच्या मागून बोकड.

सोपानमामा हे वहिनींचे थोरले भाऊ, म्हणजे रूपालीचे सख्खे मामा. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आवाज रानात कमावलेला. मेंढरं त्यांनी आता मुलाच्या ताब्यात दिली आहेत, पण शहरातही ते बोलतात ते टेकडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखं. बोकड धुतलेला होता. कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. उद्घाटनाला आलेल्या सगळ्यांत तोच नीट तयार होऊन आला होता.

“पावणे,” मामा मला म्हणाले, “पोरीनं नवस बोलला आन् मामाला सांगितलं बी न्हाई. निरोप वाचून समजलं.”

“मामा, हा बोकड...”

“पहिल्या कंदुरीचा बोकड मामाचा असतो. आमच्यात तसंच हाय. माझ्या कळपातला हाय, इकत न्हाई आणला.”

त्यांनी बोकड शटरच्या कडीला बांधला. टेम्पोतून सर्वांत शेवटी एक वृद्ध गृहस्थ उतरले, पांढरी दाढी, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. हे लतीफचाचा. मामांच्या गावच्या कंदुऱ्यांत सुरी चालवण्याचा मान त्यांच्या घराण्याचा.

“सलाम,” चाचा म्हणाले. “जगा बताव. जल्दी करना पडेगा, मेरेकू दोपहर में और एक जगा जाना है.”

मी जागा दाखवली नाही. जागा नव्हतीच. चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते सरळ शेजारच्या आडतीत गेले.

“शेठजी, एक बाल्टी पानी मिलेगा?”

“जरूर,” शेठजी म्हणाले आणि पितळी बादली भरून दिली. पाणी नाही म्हणणाऱ्यांतले ते नव्हते. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि चाचांनी सांगितलं नाही. दोघेही अदबशीर. बादली घेऊन चाचा बोकडाकडे येताना मी पाहिलं आणि धावत जाऊन मामांना मांडवाच्या मागे नेलं.

“मामा, बोकड कापायचा नाही.”

“मंग कंदुरी कसली?”

“कंदुरी नाहीच. ते रूपक होतं.”

“कोण?”

“रूपक.”

“रूपक कुणाचं पोरगं?”

“कुणाचं नाही. म्हणजे तो माणूस नाही. मी जे लिहिलं, ते तसं नव्हतं.”

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “पावणे, तुमी पेपरात होता ना?”

वेळ काढावा म्हणून मी म्हणालो, “आधी पंगत बसवू. रस्सा तयार आहे. बोकडाचं मागून बघू.”

ही माझी दुसरी चूक. (पहिली छापून झाली होती.) मामांचा चेहरा उतरला.

“रस्सा तयार हाय?”

“हो.”

“म्हंजी कापून झाला?”

“काय?”

“बोकड. माज्या आधी कुणाचा बोकड कापला? मी मामा. मी तिकून बोकड घेऊन येऊन राह्यलो आन् हितं दुसऱ्याचा शिजला बी. कुणाचा व्हता? तुमचा?”

“मामा, कुणाचाच नव्हता.”

“बिनबोकडाचा रस्सा?”

“तेच तर सांगतोय.”

“आन् त्या पातेल्यात फोडी तरंगून राह्यल्या त्या कसल्या? रूपकाच्या?”

मांडवात कुजबुज सुरू झाली, की मामाचा बोकड ताटकळत ठेवून काकाचा बोकड कापला. वहिनी पदराने हात पुसत आल्या. “दादा, आधी बस. जेवल्याबिगर तुला राग धड येत न्हाई.” हे म्हणणं बहुधा अनुभवाचं असावं. मामा बसले. पंगत बसली. चाचांनी बादली बाजूला ठेवली आणि तेही बसले. रिक्षावालेही बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कंदुरीला बोलवावं लागत नाही.

रूपाली मला कोपऱ्यात म्हणाली, “काका, मामांना आत्ता काही सांगू नका. खाऊ द्या. जीभ सांगंल ते खरं.” “फक्त शेठजी यायच्या आधी बोकड मागं बांधा.”

मी बोकडाकडे वळलो, तेवढ्यात शेठजी आले.

शुभ्र धोतर, हातात नारळ. दारात बोकड पाहून ते थांबले. बोकडाच्या कपाळावरचा गुलाल पाहिला, गळ्यातली माळ पाहिली, आणि त्याच्या पायाशी ठेवलेली स्वतःची पितळी बादली ओळखली. मग त्यांची नजर ताटांकडे गेली. तांबडा रस्सा, त्यात गडद फोडी, फोडींना धागे. भाकरी चुरून माणसं ओरपत होती. शेठजींनी आयुष्यात मटण पाहिलं नसेल, पण मटण खायला बसलेल्या माणसाची मांडी कशी असते, एवढं त्यांना कळत असावं.

“बेटा,” ते हळू आवाजात म्हणाले, “ये क्या है?”

“सोयाबीन आहे, शेठजी.”

“और वो?” त्यांनी नारळाने बोकडाकडे खूण केली.

“तो आहेर आहे.”

“आहेर को कोई बाल्टी लगती है?”

रूपालीने त्यांना आत नेलं. पिठाची पोती दाखवली, यंत्र दाखवलं, शीतपेटी उघडून दाखवली. दुर्दैवाने शीतपेटीत बिटाने रंगवलेला कच्चा खिमा होता. शेठजींनी डोळे मिटून घेतले.

“मला फसवलं नाही ना, बेटा?”

“नाही, शेठजी.”

“मग हे इतकं... इतकं तसं का दिसतं?”

ते तसं दिसावं, यासाठीच तिने दोन वर्षं घालवली होती.

आता परिस्थिती अशी होती. शेठजींना ते मटण नाही हे पटायला हवं होतं. मामांना ते मटण नसूनही पुरेसं मटण आहे हे पटायला हवं होतं. पदार्थ जितका चांगला जमला असेल, तितका गाळा धोक्यात. तितका जमला नसेल, तर नातलग उठून जाणार. पदार्थ फार चांगला जमला होता.

मी पुढे झालो. “शेठजी, आपण एक घास चाखून पाहावा. शंका फिटेल.”

“और शंका सही निकली तो?” शेठजी म्हणाले. “घास परत कसा काढू?”

मुद्दा बिनतोड होता. एखादी गोष्ट नाही, हे कसं सिद्ध करायचं, हा प्रश्न मला नोकरीतही कधी सुटला नव्हता. शेठजींनी नारळ काखेत धरला आणि रूपालीकडे न बघता म्हणाले, “जेवणं होऊ दे. पाहुण्यांना उठवणार नाही मी. मग शटर खाली घे.”

रूपालीने शटरच्या कडीकडे पाहिलं. तिथे बोकड झेंडूची माळ चघळत होता.

याच वेळी पंगतीतून मामांचा आवाज आला.

“सुमन, नळी कुटं हाय?”

वहिनी पातेल्याशी थबकल्या. आमच्यात मटणाच्या पंगतीत पोरीच्या मामाला नळी वाढतात, म्हणजे आत गर असलेलं हाड. ती ताटात मिळणं म्हणजे मान मिळणं. काहीजण नळी न मिळाल्यावर वर्षभर बोलत नाहीत.

“दादा, हायेत ना फोडी. खा की.”

“फोडी खाल्ल्या. नळी इचारून राह्यलो मी. बोकड माजा न्हाई घेतला, ठीक हाय. दुसऱ्याच्या बोकडाची बी नळी मामाला न्हाई? कुणाला वाढली?”

त्यांनी शेजारच्या ताटात डोकावलं. पलीकडच्या ताटात डोकावलं. लतीफचाचांच्या ताटात डोकावलं. मग उठले, वहिनींच्या हातून पळी घेतली आणि पातेलं तळापासून ढवळलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. सगळी पंगत हात थांबवून बघत होती. शेठजीही बघत होते. मामांनी पळी वर काढली, फोडी बोटांनी चाचपल्या, एक फोड दाबून तिचे दोन भाग केले आणि उन्हाकडे धरली.

“लतीफ,” ते म्हणाले, “इकडं ये.”

चाचा आले. त्यांनी फोड हातात घेतली, हुंगली, चावली, डोळे बारीक केले.

“सोपान, ये गोश्त नै है,” चाचा म्हणाले.

“न्हाईच. तेच मी म्हणून राह्यलो.” मामा मांडवाकडे वळले आणि त्यांचा टेकडीपलीकडचा आवाज स्टेशनपर्यंत गेला असावा. “आख्ख्या पातेल्यात एक बी हाड न्हाई. नळी न्हाई, बरगडी न्हाई, चाप न्हाई. मी जन्म बकऱ्या-मेंढरांत काढला. बिनहाडाचं जनावर मी बघितलं न्हाई. ह्या लोकांनी आपल्याला बोलवून सोयाबीन चारलं.”

शेठजी दोन पावलं पुढे आले.

“पक्का?” त्यांनी विचारलं.

“पक्का म्हंजी?” मामा आणखी दुखावले. “मामाला नळी मिळाली न्हाई, ह्याच्याहून पक्कं काय पायजे तुमाला?”

शेठजींनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी छातीवर हात ठेवला. “शेठजी, जबान देता मैं. बिलकुल गोश्त नै. गोश्त रहता तो मेरेकू मालूम पडता.”

शेठजींनी काखेतला नारळ हातात घेतला. त्यांचा चेहरा उजळला. ज्याला हाड नाही ते मांस नाही, हे त्यांना एकदम पटलं होतं. (बिनहाडाचं मटणही दुकानात मिळतं, हे मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक माहिती दाबून ठेवली.)

“बेटा,” ते रूपालीला म्हणाले, “शटर वर राहू दे. मैंने शक किया, माफ करना.”

गाळा वाचला. पण तो वाचवणारा माणूस खांद्यावर घोंगडी टाकून निघाला होता. मामा उठले म्हणजे टेम्पो उठणार, आणि टेम्पो उठला म्हणजे संध्याकाळपर्यंत मंठा तालुक्यात सगळ्यांना कळणार, की रूपालीने मामाला बोलवून सोयाबीन चारलं. गावची माणसं जालन्याला बाजाराला येतात. तिचं पहिलं गिऱ्हाईक तीच होती.

रूपाली मामांच्या आडवी आली. “मामा, चूक झाली. निरोप काकांनी...”

“तुज्या काकाला मी कायबी म्हणून राह्यलो न्हाई. त्यो शिकलेला माणूस हाय.” (हे कौतुक नव्हतं.) “तू सांग. शिजवायचं तर खरं शिजवायचं. ऐपत नव्हती तर मामाला फोन करायचा. आमी काय मेल्तो?”

“ऐपतीचं न्हाई, मामा. मला हेच विकायचंय.”

“हे कोण खाईल?”

तेव्हा वहिनी बोलल्या. त्या मामांचं ताट उचलायला वाकल्या होत्या आणि ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या.

“दादा, तुजं ताट रिकामं हाय.”

“मंग? जेवलो.”

“फोडी कुटं गेल्या?”

“खाल्ल्या म्हणलं ना.”

“कशानं?”

हळूहळू मामांचा हात गालाकडे गेला. मग वहिनींनी जे सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं: मामांच्या दाढा दोन्हीकडच्या गेल्या होत्या. कवळी बसवायला ते तयार नव्हते. जत्रेत, लग्नात, कंदुरीत सगळे फोडी खायचे आणि मामा भाकरी रश्शात बुडवून नुसती नळी चोखायचे. नळीचा मान ते इतका लावून धरायचे, ते केवळ मानासाठी नव्हतं. त्यांच्या वाट्याला तेवढंच उरलं होतं.

मामांनी जीभ तोंडात सगळीकडे फिरवून पाहिली. रागात चावताना काही दुखलं होतं का, हे आठवत असावेत.

“गेल्या,” ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच मांडवाच्या आत राहिला. “बराबर गेल्या की. चावल्या मी.”

“अजून वाढू?” रूपालीने विचारलं.

मामांनी घोंगडी खाली ठेवली, मांडी घातली. “बारीक फोडी नको. मोठ्या वाढ,” ते म्हणाले. मग लतीफचाचांना ओरडले, “बस रे. काय जल्दी हाय तुला.”

चाचा बसले. त्यांनी दोन कबाब खाल्ले, एक बांधून घेतला आणि त्या दिवशीची दुसरी कंदुरी बहुधा उशिरा केली. शेठजींनी नारळ फोडला. रूपालीने त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळा बर्गर केला. तो त्यांनी चारही बाजूंनी तपासून खाल्ला. बराच वेळ चावत राहिले.

“असली चीज ऐसीच लगती है क्या?” त्यांनी मामांना विचारलं.

“अशीच,” मामा म्हणाले.

“फिर लोग बकरा काटते क्यों हैं?”

उत्तर चाचांनी दिलं. “नळी के वास्ते, शेठजी.”

दुकान चाललं आहे. गावाकडची म्हातारी माणसं बाजाराच्या दिवशी येतात, तोंडात दात नसल्याचं रूपालीला मोकळेपणाने सांगतात आणि खिमा-पाव मागतात. असा ग्राहकवर्ग तिच्या योजनेत नव्हता. आता आहे. शेठजी तिला स्वतःच्या आडतीतलं निवडलेलं सोयाबीन बाजूला काढून ठेवतात, आणि व्यापाऱ्यांना खिमा म्हणजे काय ते समजावून सांगतात.

प्रश्न बोकडाचा राहिला होता. आहेर परत न्यायचा नसतो, यावर मामा ठाम होते. दुकानात तो ठेवता येईना, आडतीत ठेवायचा विचारही कुणी मांडला नाही. शेवटी मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पावण्यांच्या घराला आंगण हाय.” बोकड माझ्या घरी आला. बायको म्हणाली, “निवृत्तीनंतर लोक झाडं लावतात.” बोकडाने अंगणातली झाडं संपवून तो प्रश्नही मिटवला. रोजचा अंक तो आमच्याच दैनिकाचा खातो. शेजाऱ्यांचा दुसऱ्या दैनिकाचा टाकून पाहिला, तोंड लावत नाही. वितरण विभागाला असा वाचक कधी मिळाला नाही.

दुकानावर पाटी हवी होती. मी पाच-सहा मजकूर करून नेले. रूपालीने ते आदराने वाचले आणि पाटीवर मामांनी सांगितलेलं वाक्य रंगवून घेतलं: ‘ह्यात एक बी हाड निघालं तर बोकड तुमचा.’ मी ‘बी’च्या जागी ‘ही’ सुचवलं. “काका, तुम्ही राहू द्या,” ती म्हणाली.

पाटीचा परिणाम असा झाला, की गिऱ्हाइकं विचारू लागली, बोकड खरंच आहे का? रूपाली त्यांना माझा पत्ता देते. आयुष्यभर मी तपासलेल्या बातम्या खऱ्या आहेत का, हे पाहायला माझ्या दारात कधी कुणी आलं नाही. बोकड खरा आहे का, हे पाहायला येतात. मी त्यांना अंगणात नेतो, दाखवतो. परवा परतूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांनी बोकड पुढून पाहिला, मागून पाहिला, समाधानाने मान हलवली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“आन् तुमी कोण?” त्यांनी विचारलं.

“मी याला चारा घालतो,” मी म्हणालो. त्यांना ते लगेच पटलं.